शिवेवरचा धोंडा : तेरणाकाठच्या हद्दी आणि त्यांची राखण

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी माकणी हे गाव वसले आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच असल्याने गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या टापूवरून किती हद्दी सरकल्या, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. १८५३ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. १८५३ ते १८६० हा भाग इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६० मध्ये तो पुन्हा निजामाकडे आला. सप्टेंबर १९४८ नंतर निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला आणि तेरणेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर नवी जिल्हासीमा उभी राहिली.

शेतकरी या सर्व काळात त्याच काळ्या रानात नांगर धरून होता. त्याच्या दृष्टीने हद्द म्हणजे तहनामा नव्हे. हद्द म्हणजे बांधाच्या कोपऱ्यावर रोवलेला, निम्मा जमिनीत गेलेला एक धोंडा. हा धागा त्या धोंड्याविषयी, आणि त्याची राखण कोणी करावयाची याविषयी आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘शीव’ हा शब्द संस्कृत ‘सीमा’वरून आला. मुंबईतील शीव हे ठिकाण मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरचे, म्हणूनच त्याचे ते नाव. शिवेच्या आतला मुलूख तो शिवार. गावाची वस्ती ती ‘पांढरी’ आणि शेतजमीन ती ‘काळी’. ‘हद्द’ हा शब्द अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने आला. मराठी माणूस मात्र बोलताना ‘गावची शीव’ आणि ‘शेताची हद्द’ असा भेद सहज करतो. शिवेला देवपण आहे, हद्दीला ते नाही. म्हसोबा, मरीआई ही दैवते बहुधा शिवेवर बसतात. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार पोचवावा लागे आणि दसऱ्याचे शिलंगण तर शीव ओलांडल्याखेरीज होतच नाही.

शिवेचा वाद कसा मिटवावा, याचा सर्वांत प्रभावी कायदेग्रंथ याच परिसरात लिहिला गेला, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. माकणीच्या आग्नेयेला, उमरग्यापलीकडे आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) तेथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या संदर्भात तिचे नाव इंग्रजी अमदानीतील न्यायालयांपर्यंत गाजत राहिले. परंतु याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायात सीमाविवादाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यावरही विज्ञानेश्वराचे विवेचन आहे. उंचवटे, कोळसा, भुसा, झाडे, बंधारे, वारुळे, खोलगट जागा, हाडे, चैत्य या सगळ्यांना तेथे सीमेच्या खुणा म्हटले आहे.

कोळसा आणि भुसा कशासाठी, असे कोणासही वाटेल. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचा उलगडा होतो. वड, पिंपळ, पळस ही उघडी चिन्हे. त्यांच्या जोडीला दगड, हाडे, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीखाली गुप्तपणे पुरून ठेवाव्यात, असे तेथे सांगितले आहे. झाड तोडता येते, धोंडा उपटता येतो. पण खाली काय पुरले आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती खूण हलवता येत नाही. आणखी एक सूचना फार व्यवहारी आहे. सीमेचा निवाडा ज्येष्ठ महिन्यात करावा, कारण त्या वेळी खुणा स्पष्ट दिसतात. मराठवाड्यात आजही पेरणीपूर्वीच्या कोरड्या दिवसांतच मोजणीसाठी धावपळ चालते. पीक उभे राहिले की खूण दिसत नाही आणि शेजाऱ्याचे तोंडही गोड राहत नाही.

खुणा सापडल्या नाहीत तर साक्षीदार. शेजारच्या गावचे वृद्ध, गुराखी, शेतकरी, रानात वावरणारे लोक यांनी, चार, आठ किंवा दहा जणांनी, तांबडी वस्त्रे व तांबड्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन शीव चालून दाखवावी असा नियम होता. हा केवळ पोथीतला विधी राहिला नाही. मराठेशाहीत शिवेचे तंटे गोतसभेपुढे येत आणि कागदपत्रे वा साक्षी पुरत नसत तेव्हा दिव्य करण्याची पाळी येई. शीव चालणे हा त्यातलाच एक प्रकार. चालणाऱ्याच्या डोक्यावर शिवारातली माती किंवा गाईचे कातडे असे. तो ज्या वाटेने जाई ती शीव ठरे, आणि ठरावीक मुदतीत त्याच्यावर काही अरिष्ट आले तर त्याचा पक्ष खोटा मानला जाई.

या सर्व व्यवस्थेत शीव चालणारा बहुतेक वेळा गावचा महार असे. गावची हद्द त्याच्याइतकी कोणालाच पाठ नसे, कारण शिवेची राखण, वाटसरूला पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत पोचवणे, सरकारी टपाल व ओझे शिवेपार नेणे ही त्याच्या वतनाची कामे होती. ज्याला गावाच्या वेशीत शिरताना अंग चोरावे लागे, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. या विसंगतीचा उल्लेख जुन्या न्यायदानाविषयीच्या कौतुकपर लेखनात क्वचितच येतो. ज्ञान त्याचे, जोखीमही त्याची, आणि मोबदला म्हणून तुटपुंजे बलुते व तुकडाभर वतनी जमीन.

याच धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. त्यापूर्वी १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले होते. वतन हा मान नसून वेठ आहे, हे ते सातत्याने सांगत होते. शिवेवरच्या धोंड्याचा वारसा सांगताना त्या धोंड्याजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या माणसाला वगळले, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

धोंड्याचे आणखी एक जुने रूप म्हणजे गधेगाळ. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळापासून ही शिळा महाराष्ट्रात दिसते. माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली गाळ, म्हणजे शिवी, चित्ररूपाने कोरलेली. अक्षरओळख नसलेल्यालाही तिचा अर्थ कळावा अशीच ती योजना होती. दुसऱ्या अपरादित्याचा ११८७ मधला परळचा शिलालेख या प्रकारात प्रसिद्ध आहे. त्यातील गाळ मराठीत आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकांनाही तो मोलाचा वाटतो. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सर्वच गधेगाळांचे दैव इतके बलवत्तर नव्हते. कित्येकांना शेंदूर फासला गेला, कित्येक कपडे धुण्याच्या दगडाच्या किंवा पायरीच्या कामी आल्या. शेंदराने अक्षरे बुजतात हे खरे, पण शेंदूर लागलेला दगड कोणी फोडत नाही, हेही तितकेच खरे. ज्या गावात पुरातत्त्व खाते कधी पोचले नाही, तेथे राखणीचे काम शेंदरानेच केले.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे मुलूख कंपनीच्या हवाली केले. नळदुर्ग येथे अधिकारी म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे त्याचे नाव तोपर्यंत विलायतेत गाजले होते. १८५७ पर्यंत तो येथे होता. या वर्षांतील रस्तेबांधणी, महसूल आणि जमीन मोजणीच्या कामांची हकीकत त्याच्या आत्मचरित्रात येते. १८६० मध्ये धाराशिव निजामाला परत मिळाले, परंतु मोजून, दगड रोवून, कागदावर उतरवून सारा ठरवण्याची कल्पना मागे उरली.

ही पद्धत मूळची मुंबई इलाख्यातली. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ती सुरू केली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही सातबाऱ्यावर जो गुंठा लिहिला जातो तो याच साखळीचा. प्रत्येक सर्व्हे नंबराच्या कोपऱ्यावर व वळणावर दगड रोवायचे, कडेला मातीचे बांध ठेवायचे, आणि त्या दगडांची जागा ‘टिपण’ नावाच्या कागदावर मापासह नोंदवायची. दगड हरवला तर टिपणावरून जागा शोधता येते. टिपण फाटले तर दगडावरून. दोन्ही गेले की मग कोर्ट.

हैदराबाद संस्थानाने सालारजंगांच्या सुधारणांनंतर मुंबईच्याच धर्तीवर मोजणी हाती घेतली. सेतवार, पाहणीपत्रक हे मराठवाड्याच्या दफ्तरातले शब्द या परंपरेतले. १३१७ फसलीचा (१९०७) हैदराबाद जमीन महसूल कायदा झाला आणि हद्दीच्या निशाण्यांना तेथेही कायद्याचे बळ मिळाले. सालारजंगी व्यवस्थेत या जिल्ह्याचे नाव प्रथम नळदुर्ग होते. पुढे मुख्य ठाणे धाराशिवला हलले आणि शेवटच्या निजामाच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले. जिल्ह्यांची नावे बदलली, पण टिपणावरचे आकडे तेच राहिले.

पश्चिमेला याहून मोठी हद्द होती. सोलापूर जिल्हा इंग्रजांचा, उस्मानाबाद निजामाचा. ही रेषा सरळ नव्हती. बार्शी तालुका निजामी मुलखात शिरलेला, काही गावे तर पूर्णपणे दुसऱ्याच्या प्रदेशाने वेढलेली. एका राज्यातून निघून आपल्याच राज्यातल्या शेजारच्या गावी जाताना मध्ये परका मुलूख लागे. १८९७ मध्ये धावू लागलेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची गाडीही या हद्दीच्या आरपार जात असे. रेषा ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, होती. १८०२ च्या व्यापारी तहापासून शेकडा पाच हा तिचा ठरलेला दर. म्हणून रस्त्याकाठचा हद्दीचा दगड आणि करोडगिरीचा नाका ही या भागातली जोडगोळी झाली. शेतकऱ्याच्या बैलगाडीला दगड आडवा येत नसे. आडवा येई तो नाका.

१९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र लढ्याची सरहद्द कॅम्पे याच रेषेच्या इंग्रजी, म्हणजे आता स्वतंत्र भारताच्या, बाजूला उभी राहिली. करोडगिरीचे नाके हे त्यांचे एक ठरलेले लक्ष्य होते, कारण निजामी सत्ता सामान्य माणसाला तेथेच रोज भेटत होती. रझाकारांच्या अत्याचाराला कंटाळून हजारो कुटुंबे हीच रेषा ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. त्यांच्यासाठी हद्दीचा दगड म्हणजे जीव वाचल्याची खूण होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले, ही रेषा ओलांडून पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले, आणि पाच दिवसांत संस्थान शरण आले. १९५० मध्ये परस्परांच्या मुलखात अडकलेली गावे आदेश काढून अदलाबदल करण्यात आली. १९५६ नंतर ही आंतरराज्य सीमाही उरली नाही. गंमत अशी की त्याच दिवशी पूर्वेला उलटे घडले. आळंद आणि बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले आणि काल जी एका संस्थानातील जिल्ह्यांमधली साधी रेघ होती ती दोन राज्यांची सीमा झाली.

मग या दगडांचे पुढे काय? कायद्याची बाजू जरा सविस्तर पाहणे भाग आहे, कारण खरी अडचण तेथेच आहे.

हद्दीच्या दगडाला संरक्षण नाही, असे मुळीच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्दी व हद्दीच्या खुणांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या जमिनीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी धारकावर आहे आणि खूण जाणूनबुजून काढणाऱ्याला, नष्ट करणाऱ्याला दंड आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही कलम ४३४ होते : सरकारी अधिकाराने ठरवलेली भूमीची खूण हलवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. पण हे सारे संरक्षण दगड ‘चालू’ असेपर्यंतचे. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, रस्ता रुंद झाला, सीमाच रद्द झाली, की जुना दगड निरुपयोगी ठरतो. त्या क्षणापासून महसूल कायदा त्याच्याकडे पाहत नाही.

वारशाचा कायदा तेथून सुरू व्हायला हवा, पण तो होत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत शिलालेख आणि एकसंध शिळाही येतात. अट किमान शंभर वर्षांची. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. दोहोंत संरक्षण मिळते ते अधिसूचनेने, म्हणजे एकेका स्मारकाचे नाव राजपत्रात आल्यावर. नळदुर्गचा किल्ला, धाराशिवची लेणी, याच तेरणेच्या काठचे तेर यांच्यासाठी ही पद्धत योग्य आहे. शेकडो साध्या, बिनअक्षरी दगडांसाठी ती निरुपयोगी आहे. एकटा दगड क्षुल्लक वाटतो. त्याचे मोल रांगेत असते, आणि रांगेची अधिसूचना काढण्याची आपल्याकडे वहिवाट नाही.

रांग म्हणून पाहिले की काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर रोमन आकड्यांत सांगणारे काळ्या दगडाचे मैलाचे दगड शहराच्या वारसायादीत एकत्रितपणे आले. रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने त्यातले काही जवळजवळ गाडले गेले होते. परळ-दादर भागातले हे दगड गेल्या काही वर्षांत महापालिकेच्या वारसा विभागाने उकरून, वर उचलून पुन्हा बसवले. हे शक्य झाले ते महानगराला १९९५ पासून वारसा नियमावली असल्यामुळे. लोहारा तालुक्यातील गाडीवाटेला अशी नियमावली नाही.

करोडगिरीच्या रेषेला जवळचा दाखला लंडनचा आहे. त्या शहरात येणाऱ्या कोळशावर जकात होती. ती कोठून लागू होते हे दाखवण्यासाठी १८६१ च्या कायद्यानंतर रस्ते, कालवे आणि लोहमार्गांच्या कडेला खांब उभारले गेले. १८९० पर्यंत जकात संपली. खांब राहिले; आजही दोनशेच्या वर शिल्लक आहेत आणि त्यांतले पुष्कळ संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनची मूळ सीमा १७९१-९२ मध्ये ४० दगडांनी आखली गेली. १९१५ पासून एका स्त्रियांच्या संघटनेने एकेक दगड दत्तक घ्यावा तसा वाटून घेतला आणि भोवती लोखंडी कुंपणे घातली. सरकारने त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लक्ष घातले.

तेरणाकाठी ही नोंद दोन कारणांनी निकडीची आहे. एक म्हणजे धरण. बुडीत क्षेत्रात जमिनीबरोबर तिचे बांध आणि खुणाही जातात. नुकसानभरपाईच्या कागदावर जमीन येते, खूण येत नाही. दुसरे म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातील त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पांढरी हलली, काळी जिथल्या तिथे राहिली. गावाची जुनी वेस, शिवेवरचा देव, गाडीवाटेच्या कडेचा धोंडा हे सारे वस्तीपासून दूर, रानात पडले. वाट मोडली की खूण दिसेनाशी होते, आणि ज्या वृद्धांना ती ठाऊक होती त्यांच्यातले कितीतरी त्या पहाटेच गेले.

सातबारा आता संगणकावर आहे. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२१ पासून देशभर लागू झाली, आणि शेताच्या मोजणीला भूकरमापक साखळीऐवजी उपग्रहाशी जोडलेला रोव्हर घेऊन येतो. तरीही वादाच्या जमिनीत उतरल्यावर त्याचे पहिले काम जुनेच असते. तो टिपण उघडतो, गावातल्या जुन्या माणसाला बोलावतो, आणि दोघे मिळून बांधाच्या कोपऱ्यावरचे गवत बाजूला सारून धोंडा शोधू लागतात.